रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे मनोबल आणि प्रमुखाचे दायित्व

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लुर्ड मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली या दिनाची घोषणा केली व १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला. या दिवशी आपल्या धर्मग्रामांत रुग्णांसाठी मिस्सा अर्पण केली जाते, घरोघरच्या आजाऱ्यांची भेट घेतली जाते, कोठे रुग्णालयात फळांचे वाटपही होते. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत डॉक्टर व परिचारिका यांचाही उल्लेख असतो; मात्र तो बहुधा एका वाक्याचा. रुग्णाची काळजी घेणाऱ्याची काळजी कोणी घ्यावी, हा प्रश्न त्या एका वाक्यात मावणारा नाही. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्हा नजरेसमोर ठेवून त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शुश्रूषेचे काम हलके समजले जाई. परक्या माणसाचे मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, हे बहुसंख्य घरांना आपल्या मुलींसाठी मान्य नव्हते. त्या काळात देशातील परिचारिकांमध्ये ख्रिस्ती मुलींचेच प्रमाण फार मोठे होते. परिचारिकेला 'सिस्टर' म्हणण्याची रीतही व्रतस्थ भगिनींच्या सेवेतूनच आली. बुलढाणा जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो, तेथे ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. तरीही आपल्या ओळखीच्या अनेक घरांत एखादी तरी सिस्टर असते. ती रात्रपाळीहून परतते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर केवळ थकवा आहे की आणखी काही आहे, हे घरच्यांना लगेच कळते.

एक रात्र

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आहे. तेरा तालुके, एका टोकाला सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद व संग्रामपूर, दुसऱ्या टोकाला लोणार व सिंदखेडराजा. एवढ्या विस्तारात सामान्य माणसाचा आधार म्हणजे बुलढाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, खामगावसारख्या ठिकाणची उपजिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे. प्रकृती अधिक बिघडली की अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. पंचवीस प्रवासी होरपळून गेले. मृतदेह बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात आणण्यात आले. बहुतेकांची ओळख पटविणेही कठीण होते. अखेर दुसऱ्या दिवशी बुलढाण्यातच सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्याच महिन्यात, २९ जुलै रोजी, मलकापूरजवळ दोन खासगी बस एकमेकींवर आदळल्या व आणखी सहा जण गेले. दोन्ही वेळा मंत्री आले, कॅमेरे आले, मदतीच्या घोषणा झाल्या. त्या रात्री शवागारात, अपघात विभागात व नातेवाइकांच्या आक्रोशासमोर जे कर्मचारी उभे होते, त्यांच्याविषयी काही छापून आल्याचे मला आठवत नाही. सकाळ झाली की ओपीडीसमोर केसपेपरची रांग लागतेच; ती अपघातासाठी थांबत नाही.

त्याहीपूर्वी, २८ मार्च २०२० रोजी, जिल्ह्यातील कोरोनाचा पहिला मृत्यू बुलढाण्यात झाला. संपूर्ण राज्यातही तेव्हा या आजाराने दगावलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आजार नवा, औषध अज्ञात, संरक्षक पोशाखाची सर्वत्र टंचाई. अशा वेळी वॉर्डात जाण्यासाठी कर्मचारी कशाच्या बळावर पाऊल उचलतो? पगाराच्या बळावर नक्कीच नव्हे. तो पगार घरी राहिलेल्या अनेकांनाही मिळत होता. आपण एकटे नाही, आपल्याला काही झाले तर मागे उभे राहणारे कोणी आहे, ही खात्री असेल तर पाऊल उचलले जाते. या खात्रीलाच आपण मनोबल म्हणू.

मनोबल खचते कसे

मनोबल म्हणजे हसतमुखपणा नव्हे. अत्यंत गंभीर चेहऱ्याने, क्वचित चिडचिड करीतही, उत्तम काम करणारे वॉर्ड असतात. आणि भिंतीवर सुविचार रंगविलेले, परंतु आतून पोखरलेले वॉर्डही असतात. मनोबल खचल्याच्या खुणा बारीक असतात. पाळी बदलताना हँडओव्हर दोन वाक्यांत उरकला जातो. 'माझ्या ड्युटीत झाले नाही' हे वाक्य वारंवार ऐकू येते. आजारपणाच्या रजा वाढतात. रुग्णाचे नाव मागे पडून 'चार नंबर' हीच त्याची ओळख होते. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याआधी केसपेपर दुरुस्त होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद केली आहे. ही आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली व २०२२ पासून अंमलात आली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी ही अवस्था, असे तिचे वर्णन आहे. आणि तिची लक्षणे तीन: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा व कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही. कामाच्या परिस्थितीतून निर्माण होणारी घटना म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. आजार म्हटले की उपचार त्या व्यक्तीवर करायचा. येथे उपचाराची गरज कामाच्या जागेला आहे.

काही वर्षांपूर्वी एका नातलगाच्या आजारपणात जिल्ह्यातील एका रुग्णालयात अठरा दिवस राहण्याचा प्रसंग माझ्यावर आला. रुग्णाला मध्येच एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलविण्यात आले. इमारत तीच, पगार तोच, मनुष्यबळाची चणचण तीच, नळाला पाणी नसणेही तेच. पहिल्या वॉर्डात सलाईन संपल्याचे सांगायला गेलो की आधी उत्तर मिळे, मग माणूस. दुसऱ्या वॉर्डात इन्चार्ज सिस्टर सकाळी येताच प्रथम रात्रपाळीच्या मावशींपाशी जात व त्यांना नावाने हाक मारून रात्र कशी गेली ते विचारीत. मावशी सांगत: अमुक खाटेवरचा म्हातारा रात्रभर उठून बसत होता, तमुक बाईंनी काही खाल्ले नाही. त्यानंतर केसपेपर उघडले जात. मला प्रथम ही एक गोड सवय वाटली. चार-पाच दिवसांनी लक्षात आले की त्या वॉर्डात मावशीसुद्धा रुग्णांकडे पाहत होत्या, कारण त्यांनी पाहिलेले कोणीतरी विचारणार होते.

बोलण्याची मुभा

हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधिका एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जेथे कर्मचाऱ्यांचे आपसांतील संबंध चांगले व प्रमुख समंजस, तेथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या म्हणविल्या जाणाऱ्या विभागांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या! बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला तो असा: त्या विभागांत चुका अधिक होत नव्हत्या, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. जेथे प्रमुखाची दहशत होती, तेथे चुका झाकल्या जात. आणि झाकलेली चूक दुसऱ्या पाळीत पुन्हा घडते.

आपल्याकडे हे चित्र उलटे वाचण्याची सवय आहे. ज्या विभागाकडून एकही तक्रार वर येत नाही, तो विभाग उत्तम असे अधिकारी समजतात. वस्तुतः तेथे प्रथम जाऊन पाहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियागृहातील आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचावयाची एक पडताळणी यादी तयार केली व जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यांपैकी एक होते दिल्लीचे सेंट स्टीफन्स हॉस्पिटल, म्हणजे एक ख्रिस्ती मिशन रुग्णालय. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या आठ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, गुंतागुंतीचे प्रमाण अकरा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आले. यादीत रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, रक्ताची व्यवस्था अशा गोष्टी आहेत. त्यांतच एक साधी सूचना आहे: उपस्थित सर्वांनी स्वतःचे नाव व काम सांगावे. ज्या परिचारिकेने एकदा सर्वांसमोर स्वतःचे नाव उच्चारले आहे, ती 'सर, मोजणीत एक पट्टी कमी आहे' असे सांगण्यास कमी कचरते. यादीच्या यशातला किती वाटा एकट्या या सूचनेचा, हे वेगळे काढता येणार नाही. पण तिला खर्च काहीच नाही.

या संदर्भात पोप फ्रान्सिस यांनी सांगितलेली एक आठवण उल्लेखनीय आहे. १९५७ साली, ऐन विशीत, ब्युनोस आयर्स येथे फुप्फुसाच्या आजाराने ते मृत्यूच्या दारात होते. डॉक्टरांनी पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसिनची मात्रा ठरवून दिली आणि ते निघून गेले. तेथील सिस्टर कोर्नेलिया कराल्यो या इटालियन डॉमिनिकन भगिनी अनुभवी होत्या. त्यांनी ती मात्रा दुप्पट करावयास सांगितली. आपला जीव त्या भगिनीमुळे वाचला, असे पोप फ्रान्सिस अखेरपर्यंत कृतज्ञतेने सांगत असत. ही गोष्ट आपण परिचारिकेच्या धैर्याची म्हणून ऐकतो व ती तशी आहेच. पण मला त्यात एक खंतही दिसते. सिस्टरना ते डॉक्टर गेल्यावर करावे लागले. डॉक्टरांच्या समोर 'ही मात्रा अपुरी पडेल' असे त्या म्हणाल्या असत्या आणि डॉक्टरांनी ते ऐकून घेतले असते, तर तेच औषध उघडपणे, नोंद करून, देता आले असते. प्रत्येक वेळी पाठीमागे घेतलेला निर्णय बरोबरच ठरेल असे नाही. म्हणून समोर बोलता येईल अशी व्यवस्था हवी, आणि ती निर्माण करणे हे प्रमुखाचे काम आहे.

जामखेडचा अनुभव

अशी व्यवस्था परदेशी पुस्तकांतच असते असे कोणी म्हणेल. आपल्याच राज्यात, दुष्काळी मुलखात, पन्नास वर्षांपूर्वी ती उभी राहिली आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले दांपत्य. पुढील शिक्षण अमेरिकेत घेऊन ते परतले व १९७० साली तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी जनावरांच्या जुन्या दवाखान्याची जागा वापरली. बाळंतपणे, अतिसार, कुपोषण, कुष्ठरोग, क्षय. रुग्णांना अंत नव्हता आणि हाताशी माणसे थोडी.

त्यांची पहिली योजना कोणीही आखली असती तशीच होती: प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत राहावयास पाठवावे. ती फसली. बाहेरून आलेली तरुण, एकटी मुलगी खेड्यात सुरक्षित नव्हती, गावाचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता आणि तिचे मनही तेथे रमत नव्हते. येथे एखाद्या प्रमुखाने 'मुलींमध्ये सेवाभाव उरला नाही' असा निष्कर्ष काढला असता. आरोळे दांपत्याने तसे केले नाही. योजनाच चुकली असे मानले आणि गावकऱ्यांना विचारले. गावातीलच एखादी बाई का शिकवीत नाही, असे गावकरी म्हणाले. त्यातून गाव-आरोग्यसेविकेची कल्पना आली. निवडलेल्या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. प्रशिक्षणासाठी त्या आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करीत. कोण कोणाच्या पंक्तीला बसते यावर ज्या काळात गाव तुटत असे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

शिकलेल्या कर्मचाऱ्यांना हे सहजासहजी पचले नाही, आणि ते स्वाभाविकच होते. तीन-साडेतीन वर्षे शिकून मिळविलेली विद्या अक्षरओळख नसलेल्या बाईला द्यायची, मग आपली किंमत काय राहिली? मनोबलाच्या प्रश्नाचे हे खरे मर्म आहे. खालच्याला वर उचलले की मधला खचतो. जामखेडने यावर शोधलेला उपाय म्हणजे मधल्याचे काम बदलणे. परिचारिका गावात जाऊ लागली ती आरोग्यसेविकेच्या चुका शोधणारी तपासनीस म्हणून नव्हे. तिला शिकविणारी, अवघड रुग्णाच्या वेळी तिच्या पाठीशी उभी राहणारी म्हणून. गावासमोर सेविकेचा मान राखणे हा तिच्या कामाचाच भाग झाला. तपासनिसाला लोक भितात, शिक्षिकेला मान देतात. विद्या दिल्याने आपली किंमत घटत नाही, हे परिचारिकांना भाषणातून कळले नाही; ते रोजच्या कामातून कळले.

या प्रकल्पातील गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हे प्रमाण तीसच्याही खाली आले. डॉ. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षाही बोलका प्रसंग १९८८ सालचा आहे. आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांनी त्या वर्षी वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की डॉक्टर झुंबरासारखे, सुंदर पण महाग व दूरचे. आपण पणतीसारख्या, साध्या, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. असे बोलणाऱ्या बाईच्या मनोबलाची चिंता कोणाला करावी लागणार नाही. मात्र त्यासाठी तिला अनेक वर्षे ऐकून घेणारे वरिष्ठ मिळाले होते, हे विसरू नये. डॉ. मेबल १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. प्रकल्प त्यांच्यामागेही चालू राहिला.

जामखेड आणि बुलढाण्याचे सरकारी रुग्णालय यांची तुलना सरसकट करता येणार नाही, याची मला जाणीव आहे. आरोळे स्वतः संस्थापक होते. कोणाला घ्यावे, कोठे ठेवावे हे त्यांच्या हाती होते. जिल्हा शल्यचिकित्सक बदलीवर येतात व बदलीवर जातात. पदे मंत्रालयात भरली जातात. तरीही मधल्या माणसाच्या कामाला नवा मान देणे यासाठी शासननिर्णय लागत नाही.

गोड बोलण्याने काय होत नाही

सकारात्मक नेतृत्व हा शब्द अलीकडे कार्यशाळांत फार ऐकू येतो. एक दिवसाचे शिबिर, टाळ्या, गटचर्चा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी तेच चाळीस रुग्ण व एक सिस्टर. अशा शिबिरांनी मनोबल वाढत नाही, उलट कडवटपणा वाढतो.

लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडील रुग्णांत एकाची भर पडली की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी, तर परिचारिका कामाने पार खचून जाण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी वाढलेली आढळली. तेथे चार की आठ रुग्ण, असा प्रश्न होता. आपल्याकडच्या वॉर्डांत हा आकडा कोठे पोहोचतो, ते वाचकांनी स्वतः पाहिले आहे. कोणताही प्रमुख कितीही प्रेमळ असला तरी रिकाम्या पदाची जागा त्याचे शब्द भरून काढू शकत नाहीत. पदे भरावीत म्हणून त्याने वर सातत्याने लिहीत राहावे आणि आपण लिहिले आहे हे कर्मचाऱ्यांना सांगावे, एवढे मात्र त्याला शक्य आहे.

तीच गोष्ट कंत्राटी कर्मचाऱ्यांची. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत दोन परिचारिका तेच काम करतात. एक कायम, दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर, आणि दोघींच्या वेतनात मोठा फरक. मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी आठवडाभर संप केला, तेव्हा अनेक रुग्णालयांचा भार कंत्राटी माणसांवर होता; ज्यांना जुने काय आणि नवे काय, निवृत्तिवेतनच नाही. ही विषमता जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला मिटविता येत नाही. पण नकोशा रात्रपाळ्या नेमक्या कोणाच्या वाट्याला लावल्या जातात, हे त्याला पाहता येते.

आपल्या स्वतःच्या संस्थांविषयीही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. ख्रिस्ती रुग्णालये व दवाखाने चालविणाऱ्या व्रतस्थ भगिनींनी दारिद्र्याचे व्रत स्वेच्छेने घेतलेले असते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या संसारी परिचारिकेने ते घेतलेले नसते. सेवा आणि त्याग हे शब्द वापरून तिचे कमी वेतन झाकता येणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात न्याय्य वेतन हीच कोणत्याही आर्थिक व्यवस्थेच्या न्यायीपणाची कसोटी मानली आहे. ती कसोटी मिशनच्या दवाखान्यालाही लागू होते.

प्रमुखाच्या हाती काय आहे

पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे कंटाळवाणे आहे. ड्युटीची यादी महिना सुरू होण्यापूर्वी लागली, तर परिचारिका आपल्या मुलाची परीक्षा, सासूचा दवाखाना यांची सोय लावू शकते. आदल्या संध्याकाळी फोनवरून बदललेली पाळी माणसाला जितकी दुखावते, तितकी रागावलेली दोन वाक्येही दुखावत नाहीत. सणाच्या रजा आलटून पालटून द्याव्यात. नाताळची रात्रपाळी दरवर्षी त्याच ख्रिस्ती सिस्टरला लागावी किंवा तिलाच दरवर्षी सवलत मिळावी, दोन्ही अयोग्य. रात्रपाळीच्या विश्रांतिखोलीला आतून लागणारी कडी आणि वापरण्याजोगे स्वच्छतागृह असावे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये कामावरील तरुण डॉक्टर स्त्रीची हत्या झाल्यानंतर या कडीचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

हल्ल्यांचा प्रश्न याला जोडूनच आहे. रुग्ण दगावला की संताप समोरच्या माणसावर निघतो, आणि समोर असते ती बहुधा सर्वांत कनिष्ठ परिचारिका किंवा नवखा डॉक्टर. महाराष्ट्रात यासाठी २०१० सालचा स्वतंत्र कायदा आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तीवर हल्ला करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे. कायदा असूनही तक्रार देण्यासाठी पोलीस ठाण्यात कोण जाते, हा खरा मुद्दा आहे. मार खाल्लेली मुलगी एकटी, रिक्षाने, ड्युटी संपल्यावर जात असेल, तर त्या रुग्णालयात कायदा नाही असेच समजावे. प्रमुखाने स्वतः तिच्यासोबत जावे. एकदा जरी तो गेला, तरी पुढील कित्येक वर्षे कर्मचारी ते सांगत राहतात.

आणि अपघाताच्या रात्रीनंतरचा दिवस. पंचवीस मृतदेह पाहिलेल्या माणसांना पाळी संपल्यावर सरळ घरी जाऊ देऊ नये. अर्धा तास एकत्र बसावे, चहा घ्यावा, ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. शवागारातील कर्मचारी व रुग्णवाहिकेचे चालक यांना तर मुद्दाम बोलवावे, कारण त्यांना कधीच बोलावले जात नाही. कोणाला बोलण्याची सक्ती मात्र करू नये. प्रमुखाने तेथे उपदेश न करता आपल्यालाही रात्र जड गेली एवढे म्हटले तरी खोलीतील हवा बदलते. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असला तर उत्तमच. नसला तरी थांबू नये.

थोडे आपल्याविषयीही. वॉर्डाचे मनोबल प्रमुख घडवितो हे खरे, पण रुग्णाचे नातलगही ते दररोज थोडे थोडे उचलतात वा पाडतात. भेटीच्या वेळेनंतर दहा जणांनी खाटेभोवती गर्दी करणे, ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन लावून सिस्टरच्या हाती देणे, मावशीला 'ए बाई' म्हणून हाक मारणे, हे सारे आपणही करतो. धर्मग्रामातील एखाद्या परिचारिकेला रविवारी मिस्सा चुकल्याबद्दल विचारण्याआधी तिची ड्युटी कोणती होती हे विचारावे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाण्याचे महाविद्यालय आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या तुकडीने तेथील शिक्षण सुरू झाले. एमबीबीएसचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षापासून नियमितपणे वॉर्डात येऊ लागतात. हृदयाचे ठोके कसे ऐकावेत, पोट कसे तपासावे, हे त्यांना प्राध्यापक शिकवितात. सकाळच्या फेरीत मोठे डॉक्टर इन्चार्ज सिस्टरशी कोणत्या स्वरात बोलतात, चूक सांगणाऱ्या नवख्या परिचारिकेकडे कसे पाहतात, मावशींचे नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, हे मात्र अभ्यासक्रमात नसते. ते खाटेभोवती उभी असलेली ही मुले-मुली हातातील वही मिटून पाहत असतात.